स्पॅनिशमध्ये वाट विचारायची, आणि आलेलं उत्तर समजून घ्यायचं

प्रश्न असा आहे: "सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं स्पेनला जातोय, टूर कंपनीशिवाय, आपले आपण. बार्सिलोना, माद्रिद, ग्रानादा, सेविया. तिथून पुढे मेक्सिको सिटीला मुलीकडे. मोबाइलवर नकाशा आहेच, तरी वाट विचारण्यापुरतं स्पॅनिश शिकून ठेवावं म्हणते. पण नेटवरच्या याद्या पाठ होत नाहीत. नेमकं काय शिकू?"

याद्या पाठ होत नाहीत ते बरंच आहे. त्यातली वाक्यं सगळी विचारणाऱ्याच्या बाजूची असतात. "दोंदे एस्ता ला एस्तासियोन?" (स्टेशन कुठे आहे?) हे दोन दिवसांत कुणालाही येतं. पुढचा माणूस मात्र तुमचे स्पष्ट उच्चार ऐकून खूश होतो, यांना भाषा येते असं समजतो आणि पाऊण मिनिट भरधाव बोलतो. तिथे यादी संपते. मी बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते आणि मराठी मंडळींबरोबर स्पेनमध्ये फिरते. अडतात ते सगळे इथेच अडतात, विचारताना नाही. म्हणून माझा सल्ला एकच: उत्तर दोन-चार शब्दांत येईल असा प्रश्न विचारायला शिका, आणि ते दोन-चार शब्द आधीपासून कानावर बसवा.

अशा प्रश्नांत माझा सगळ्यात लाडका म्हणजे "बामोस ब्येन पारा ला एस्तासियोन?" आपण स्टेशनकडे बरोबर चाललोय ना? (एकट्याने विचारायचं तर "बोय ब्येन पारा...") नकाशा पाहून अंदाजाने चालायला लागायचं आणि वाटेत कुणाला तरी हे विचारायचं. उत्तर एकतर "सी, सी" असं येतं, नाहीतर "नो, नो" आणि पाठोपाठ हात दाखवला जातो. दोन्ही कळतात. दोन-तीन चौक गेले की नव्या माणसाला पुन्हा तेच विचारायचं. पूर्ण रस्ता एकाच माणसाकडून समजून घ्यायची गरज नसते, पुढचा तुकडा कळला की पुरे.

दुसरा प्रश्न: "बुस्कामोस ला काये एल्बीरा." आम्ही एल्बीरा रस्ता शोधतोय. हा खरं तर प्रश्नही नाही, नुसतं सांगणं आहे, पण पुढचा माणूस आपोआप बोट दाखवतो. व्याकरणाची काही भानगड नाही, "बुस्कामोस" म्हणा आणि जागेचं नाव जोडा.

तिसऱ्यात मात्र एक फरक पाळावा लागतो. जी जागा एकच आहे, जसं ग्रानादाचा अल्हाम्ब्रा राजवाडा, माद्रिदचं प्रादो म्युझियम, तुमचं हॉटेल, तिच्यासाठी "दोंदे एस्ता". जी कुठलीही चालेल, म्हणजे औषधाचं दुकान, एटीएम, बसथांबा, तिच्यासाठी "आय". "आय उना फार्मासिया पोर आकी?" इथे जवळपास औषधाचं दुकान आहे का? "आय उन काखेरो पोर आकी?" एटीएम आहे का? "दोंदे एस्ता एल काखेरो" म्हणालात तर समोरचा विचारात पडतो, की ही बाई कोणत्या एटीएमबद्दल बोलतेय. स्वच्छतागृहासाठी हॉटेलात किंवा बारमध्ये "एल बान्यो, पोर फाबोर?" एवढंच पुरतं. उत्तर बहुतेक वेळा "आल फोंदो, आ ला देरेचा" असं येतं, आत शेवटी उजवीकडे. स्पेनमध्ये हा विनोदच होऊन बसलाय, देशातली सगळी स्वच्छतागृहं आत शेवटी उजवीकडेच असतात म्हणून.

आणि प्रश्नाच्या आधी नमस्कार. आपण इथे रिक्षावाल्याला थेट "स्टेशन?" विचारतो आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. स्पेनमध्ये "ओला, बुएनास" म्हणायचं, समोरच्याने मान वर करून "बुएनास" म्हणेपर्यंत थांबायचं, मग "पेर्दोने" म्हणून विचारायचं. मेक्सिकोत "पेर्दोने"ऐवजी "दिस्कूल्पे" जास्त ऐकाल, तो शब्द दोन्हीकडे चालतो, म्हणून एकच लक्षात ठेवायचा तर तोच ठेवा. हे दोन सेकंद गेले की माणूस थांबून, नीट, जरा सावकाश सांगतो.

आता उत्तराची बाजू. इथे एकच जोडी अशी आहे की ती घोळली की माणूस भलतीकडेच पोचतो: "देरेचा" म्हणजे उजवीकडे, "देरेचो" म्हणजे सरळ. फरक शेवटच्या स्वराचा, तोही घाईत बोलताना अर्धा गिळलेला. स्पेनमध्ये तुमचं नशीब चांगलं, कारण तिथे सरळसाठी "रेक्तो" म्हणतात, "तोदो रेक्तो". "देरेचो"ची अडचण मेक्सिकोत येईल. तिथे एक खूण धरा: उजवीकडे म्हणायचं असेल तर आधी "आ ला" येतं, "आ ला देरेचा". सरळ म्हणायचं असेल तर "तोदो देरेचो" किंवा "सिगा देरेचो", त्यात "आ ला" नसतं. डावीकडे "आ ला इस्क्येर्दा", हे कशाशीच घोळत नाही.

बाकी कानावर बसवायचे शब्द फार नाहीत. "एस्कीना" कोपरा, "सेमाफोरो" सिग्नल, "रोतोंदा" गोल चौक, "पुएंते" पूल, "एन्फ्रेंते" समोर, "आल लादो" शेजारी, "कुएस्ता" चढाचा रस्ता, "आर्रीबा" वर, "आबाखो" खाली. "प्रिमेरा", "सेगुंदा", "तेर्सेरा" म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी गल्ली. आकड्यांत "सेसेंता" साठ आणि "सेतेंता" सत्तर, "दोस" दोन आणि "दोसे" बारा, या दोन जोड्या घरनंबर ऐकताना हमखास गोंधळ करतात. आकडा आला की मोबाइल पुढे करायचा आणि "मे लो एस्क्रीबे?" (लिहून देता?) म्हणायचं.

प्रत्यक्षात हे कसं ऐकू येतं ते ग्रानादातलं उदाहरण घेऊन सांगते, कारण तुमचा मोबाइल दगा देणार असेल तर तो तिथेच देईल. आल्बाइसिन हा अल्हाम्ब्रासमोरच्या टेकडीवरचा जुना मुस्लिम काळातला भाग. गल्ल्या इतक्या अरुंद की नकाशावरचा निळा ठिपका भिंतींपलीकडे उड्या मारत राहतो. समजा तुम्ही प्लासा नुएबा चौकातून निघून नदीकाठच्या काररेरा देल दाररो रस्त्याने चाललाय आणि सान निकोलासच्या मिरादोरला (म्हणजे जिथून सगळा अल्हाम्ब्रा दिसतो त्या जागेला) जायचंय. बाकावर एक आजोबा बसलेत. तुम्ही विचारता, "बामोस ब्येन पारा एल मिरादोर दे सान निकोलास?" आजोबा म्हणतात:

"उय, सी, पेरो एसो एस्ता आर्रीबा. सिगा उस्ते तो रेक्तो, तो रेक्तो, इ कुआंदो बेआ ला कुएस्ता आ ला इस्क्येर्दा, पार्रीबा."

पहिल्यांदा ऐकताना हा एकच लांबलचक शब्द वाटेल. त्यातून तुम्हाला हवे आहेत पाचच: सी, रेक्तो, कुएस्ता, इस्क्येर्दा, पार्रीबा. हो, सरळ, चढ, डावीकडे, वर. "पार्रीबा" म्हणजे "पारा आर्रीबा"चं बोलीतलं रूप, आणि "तो" म्हणजे "तोदो". आंदालुसियात, म्हणजे ग्रानादा आणि सेविया दोन्हीकडे, शब्दांची शेपटं अशी गळतात. "स" तर सर्रास गळतो, "दोस कायेस" (दोन गल्ल्या) हे "दो काये" होतं. त्यामुळे वर्गात शिकलेलं स्पॅनिश घेऊन माद्रिदमध्ये आरामात फिरलेली मंडळी सेवियात उतरल्यावर चेहरा पाडून बसतात. भाषा तीच आहे, फक्त व्यंजनं कमी झालीत.

ऐकून झालं की सगळ्यात महत्त्वाचं काम राहतं. "सी" सोडून बाकीचे चार शब्द परत म्हणून दाखवायचे, बोटानेही दाखवायचं: "रेक्तो, कुएस्ता, इस्क्येर्दा, आर्रीबा?" आजोबा म्हणतील "एसो एस" (बरोबर) किंवा मान हलवून पुन्हा सांगतील, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते तुमच्याच शब्दांत सांगतील, कारण तुम्हाला कोणते शब्द येतात ते आता त्यांना कळलेलं असतं. दहा नवी वाक्यं पाठ करण्यापेक्षा ही एक सवय लावून घ्या. मान डोलवून "कळलं कळलं" दाखवू नका. आपलं ते आडवं मान हलवणं तिकडे "नाही" किंवा "माहीत नाही" असं वाचलं जातं.

या वाटेवर नदीकाठचा रस्ता पुढे पासेओ दे लोस त्रिस्तेस नावाच्या मोकळ्या जागेत उघडतो. नावाचा अर्थ दुःखी लोकांचा रस्ता, कारण पूर्वी अंत्ययात्रा इथून कबरस्तानाकडे जात. आता तिथे कॉफी पीत बसणाऱ्यांची गर्दी असते. त्याच्या टोकाला डावीकडे जो चढ लागतो तो कुएस्ता देल चापीस, आजोबांचा "कुएस्ता" तोच. गुडघे कुरकुरत असतील तर चढायच्या आधी विचारून घ्या: "आय मुचा कुएस्ता?" (चढ फार आहे का?) आणि "आय एस्कालेरास?" (पायऱ्या आहेत का?) हे दोन प्रश्न मला कुठल्याच यादीत सापडलेले नाहीत, आणि साठीच्या पुढच्या मंडळींना तेच सगळ्यात उपयोगी पडतात. चढायचं नसेल तर वर छोट्या बस जातात. "के आउतोबुस बा आल मिरादोर?" कोणती बस जाते? आत चढल्यावर ड्रायव्हरला किंवा शेजारच्या बाईला "मे आबीसा कुआंदो येगेमोस?" आलं की सांगाल का? हे एवढं लांब वाक्य मात्र पाठ कराच. एकदा हे सांगितलं की अर्धी बस तुमचा थांबा लक्षात ठेवते.

हात आणि तोंड यांत फरक पडला तर हातावर विश्वास ठेवा. माणसं "इस्क्येर्दा" म्हणत उजवीकडे हात करतात, ते जगात सगळीकडेच होतं, आणि बरोबर असतो तो हात.

अंतराबद्दल: "एस्ता लेखोस?" (लांब आहे का?) या प्रश्नाला स्पेनमध्ये उत्तर जवळजवळ नेहमी "नो, के बा!" (छे हो!) असं येतं, कारण तिथल्या माणसाला वीस मिनिटं चालणं म्हणजे काहीच नाही. त्यापेक्षा "कुआंतोस मिनूतोस आंदांदो?" चालत किती मिनिटं, असं विचारा. मेक्सिकोत "आंदांदो"च्या जागी "कामिनांदो". सांगितलेल्या मिनिटांत निम्मी भर घालून चाला.

उच्चारांची काळजी करू नका. मराठी माणसाची जीभ स्पॅनिशला फार सोयीची आहे. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून येतात, इंग्रजी बोलणाऱ्यांना नेमकं तेच जमत नाही. "ह" कुठेच उच्चारत नाहीत. मी "ख" लिहिलाय तो घशातून खरवडून काढायचा, उर्दूतल्या "ख़बर"सारखा. स्पेनच्या मोठ्या भागात काही "स" तुम्हाला "थ" ऐकू येतील, "प्लासा"चं "प्लाथा" होईल. तुम्ही "स"च म्हणा, मेक्सिकोतही तेच लागणार आहे. जोर मात्र सांभाळा: "एस्ता"त शेवटच्या "ता"वर जोर दिला तर "आहे", पहिल्या "ए"वर दिला तर "ही".

शहरांबद्दल थोडं. बार्सिलोनात पाट्या कातालान भाषेत असतात, "काये"च्या जागी "कार्रेर", बाहेर पडायच्या दाराला "सालीदा"च्या जागी "सोर्तीदा", हे बघून गोंधळू नका. विचारायला स्पॅनिश पूर्ण चालतं. बार्सिलोनाचा एशाम्पले भाग १८५९ साली मंजूर झालेल्या इल्देफोन्स सेर्दाच्या आराखड्यानुसार बांधलाय, सगळे चौकोन सारखे, प्रत्येक बाजू साधारण ११३ मीटर, मधला रस्ता बहुतेक ठिकाणी २० मीटर. म्हणजे कुणी "त्रेस मान्सानास" (तीन चौकोन) म्हणालं की ४०० मीटर समजा. "मान्साना" म्हणजे सफरचंदसुद्धा, पण रस्त्यावर कुणी तुम्हाला फळं मोजायला सांगत नाहीये. या भागात डावं-उजवं सोडून "लादो मार" आणि "लादो मोंतान्या" असंही सांगतात, समुद्राकडची बाजू आणि डोंगराकडची बाजू. जमीन समुद्राकडे हळूहळू उतरते, त्यामुळे कोणती बाजू कोणती हे पायांना कळतं.

माद्रिदमध्ये घरनंबर पुएर्ता देल सोल चौकाच्या बाजूने सुरू होतात. नंबर कमी होत चालले की तुम्ही सोलकडे जाताय. तिथल्या मेट्रोच्या गाड्या डाव्या बाजूने धावतात, आपल्यासारख्या, त्यामुळे रस्त्यावर उजवी आणि जमिनीखाली डावी असा खेळ होतो. फलाटावर उभं राहण्याआधी "एस्ते एस एल आंदेन पारा सोल?" (सोलसाठी हाच फलाट ना?) विचारून टाका. सेवियात दोन बसस्थानकं आहेत, प्लासा दे आर्मास आणि प्रादो दे सान सेबास्तियान. नुसतं "एस्तासियोन दे आउतोबुसेस" विचारलंत तर तुम्हाला दोन्हीपैकी जवळच्याकडे पाठवतील, आणि तुमची बस दुसरीकडून सुटेल. तिकिटावरचं नाव दाखवून विचारा.

मेक्सिको सिटीत तुमची मुलगी असणारच, तरी एकट्याने बाहेर पडाल तेव्हासाठी. बसला तिथे "कामियोन" म्हणतात, जो स्पेनमध्ये ट्रक. चौकोनाला "कुआद्रा", "आ दोस कुआद्रास" म्हणजे दोन चौकोन सोडून. स्पेनमध्ये बस पकडणं, टॅक्सी घेणं यासाठी "कोखेर" हे क्रियापद सगळे वापरतात आणि तुम्हीही ऐकून उचलाल. मेक्सिकोत ते तोंडातून काढू नका, त्याचा अर्थ अश्लील आहे, "तोमार" म्हणा. तुमचं बोलणं न कळल्यास माणसं "मांदे?" (शब्दशः "हुकूम करा") म्हणतील. ते आपल्या "काय म्हणालात?"सारखं नम्र आहे, कुणी हुकूम मागत नाहीये.

तिथली माणसं फार मऊ. माहीत नाही म्हणून पाहुण्याला वाटेला लावायचं त्यांच्या जिवावर येतं, आणि मग अंदाजाने का होईना काहीतरी सांगितलं जातं. म्हणून तिथे "बामोस ब्येन?" जपून वापरा, "सी" फार पटकन मिळतं. "पोर दोंदे एस एल मेत्रो?" मेट्रो कुठल्या बाजूला, असा मोकळा प्रश्न विचारा, आणि पन्नास पावलांवर दुसऱ्याला तोच विचारा. दोघांचे हात एकाच दिशेला गेले की निघा.

मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून प्रत्येक स्टेशनला नावाबरोबर एक चित्र आहे, वाचता न येणाऱ्यांचीही सोय व्हावी म्हणून. चापुल्तेपेकला टोळ आहे. नाव उच्चारता आलं नाही तर चित्र दाखवा, चालतं.

पत्त्याच्या बाबतीत मात्र तिथे कडक राहा. रस्त्यांची नावं त्याच त्या वीरपुरुषांची असतात, इदाल्गो, ख्वारेस, मोरेलोस, आणि एकच नाव शहराच्या कितीतरी वस्त्यांत सापडतं. इन्सुर्खेन्तेस रस्ता एकच आहे, पण तो सुमारे २९ किलोमीटर लांब, तेव्हा "इन्सुर्खेन्तेसवर आहे" या सांगण्याला काही अर्थ नाही. वस्तीला तिथे "कोलोनिया" म्हणतात. मुलीकडून पत्ता घेताना रस्ता, नंबर, कोलोनिया, आणि "एन्त्रे" म्हणजे कोणत्या दोन रस्त्यांच्या मध्ये, हे चारही तिच्याच हाताने कागदावर लिहून घ्या. टॅक्सीत बसल्यावर मोबाइल नाही, तो कागद पुढे करा.